दाभोळ : खाडीच्या मुखावरील एक जुनें बंदर
(आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या सभेंत आम्हीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, अशी आम्हांस आज्ञा झाली होती. परंतु तो इतिहास या पुस्तिकेंत इतर लेखकांनीं आमच्यापेक्षां अधिक माहितीनें दिला आहे. देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोठून आणिली, कौलांस वर्गणी कोणीं किती दिली, हें सर्व तेथें आहे. आणि वर्गणीच्या आंकड्यांत हात घालण्याची आमची छाती नाहीं. म्हणून पूज्य फादरांची परवानगी काढून आम्हीं विषय बदलून घेतला. आज आम्हांला दाभोळ या गांवाविषयीं बोलावयाचें आहे.

याचें कारण एक लहान मुलगा आहे. गेल्या पावसाळ्यांत धर्मशिक्षणाच्या वर्गांत त्यानें विचारिलें कीं, आपला धर्म पोर्तुगिजांच्या जहाजांतून आला काय? शाळेंत त्याला कोणी तसें म्हणालें होतें, आणि तें सरळ मनानें म्हटलेलें नव्हतें. वर्ग घेणाऱ्या बाईंनीं तो प्रश्न आमच्याकडे धाडिला. 'होय' म्हणावें तर तें अर्धेंच खरें, 'नाहीं' म्हणावें तर तेंहि अर्धेंच. त्या मुलाचें आजोळ दाभोळच्या खाडीवरचें आहे असें कळलें, तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, उत्तर त्याच गांवीं जाऊन शोधावें.

दाभोळ हें रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांत, वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते तेथें, खाडीच्या उत्तर तीरावर वसलें आहे. समोरच्या तीरावर गुहागर तालुक्यांतील वेलदूर व अंजनवेल हीं गांवें, आणि अंजनवेलीस गोपाळगडाचा किल्ला. गांव डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत दाटीनें बसलेलें आहे. दाल्भ्य ऋषींच्या नांवावरून त्याला हें नांव मिळालें, असें तेथील लोक सांगतात. परदेशी खलाशांच्या तोंडीं त्याचें 'दाबूल' झालें, आणि जुन्या नकाशांत तें त्याच नांवानें सांपडतें.

एवढ्याशा जागीं मोठें बंदर कां झालें, याचें उत्तर गांवांत शोधूं नये. तें सह्याद्रीपलीकडे शोधावें. बहामनी सुलतानांच्या राजधान्या, प्रथम गुलबर्गा व पुढें बिदर, देशावर फार आंत होत्या. त्यांचें बळ घोडदळांत होतें, आणि चांगला घोडा दख्खनच्या हवेंत निपजत नसे. तो अरबस्थानांतून व इराणांतून समुद्रमार्गें आणावा लागे. आतां वाशिष्ठी ही सह्याद्रींत उगम पावून पश्चिमेस वाहते, आणि तिच्या खाडींत भरतीचें पाणी पंचवीसतीस मैल आंत, चिपळुणाजवळच्या गोवळकोटापर्यंत चढतें. भरतीबरोबर पडाव वर जावे, ओहोटीबरोबर खालीं यावे. नावाड्याचे निम्मे श्रम समुद्रच करी. गोवळकोटास उतरलेला माल बैलांच्या पाठीवर पडे व कुंभार्ली घाटानें कऱ्हाडास जाई, आणि तेथून पुढें दख्खनच्या मोठ्या शहरांकडे. चढतांना मीठ, नारळ, सुकी मासळी व समुद्रापारचा माल. उतरतांना देशावरचें धान्य व कापड. दाभोळ हें या लांब दोरीचें समुद्राकडील टोंक होतें, इतकेंच. ज्यांच्या घरीं अजून जुन्या माणसांना घाटावरच्या बैलांच्या गळ्यांतील घुंगरांच्या गोष्टी ऐकल्याचें आठवतें, त्यांना हें अधिक सांगावयास नको.

या दोरीवरून केवळ मालच गेला नाहीं. इ. स. १४५३ सालीं इराणच्या गीलान प्रांतांतील एक व्यापारी दाभोळास उतरला व बिदरास गेला. त्याचें नांव महमूद गावान. पुढें तो बहामनी राज्याचा वजीर झाला. बिदर येथें १४७२ सालीं पुऱ्या झालेल्या त्याच्या मदरशाचे अवशेष आजहि पाहणाऱ्यास थक्क करितात. १४८१ सालीं खोट्या पत्राच्या आधारें त्याचा शिरच्छेद झाला, आणि त्यानंतर तें राज्य फार दिवस एकत्र राहिलें नाहीं. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हाहि दाभोळासच प्रथम उतरला, असें फिरिश्ता या इतिहासकारानें लिहिलें आहे. त्याच्या राजकुळाची जी अद्भुत कथा फिरिश्ता सांगतो, तिच्यावर आम्ही मात्र फारसा भार ठेवणार नाहीं.

परंतु ज्या पाहुण्यासाठीं आम्ही मुख्यतः दाभोळास गेलों, तो वजीर नव्हता, कीं राजा नव्हता. तो रशियांतील त्वेर नगरचा एक व्यापारी होता, अफानासी निकितिन नांवाचा. हा ऑर्थोडॉक्स पंथाचा ख्रिस्ती. व्होल्गा नदीवर त्याचा माल लुटला गेला, कर्ज घेऊन निघालेला माणूस रिकाम्या हातीं घरीं कसा जाणार म्हणून तो पुढें पुढें गेला, आणि एक घोडा घेऊन १४६९ च्या सुमारास चौलास उतरला. व्हास्को द गामा कालिकतास येण्याच्या जवळजवळ तीस वर्षें आधींची ही गोष्ट आहे.

जुन्नरास तेथील खानानें त्याचा घोडा हिरावून घेतला व सांगितलें कीं, तूं इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत देईन व वर हजार सुवर्णमुद्रा देईन. नाहींतर घोडाहि गेला आणि दंडहि भरावा लागेल. मुदत चार दिवसांची. निकितिन एकटा होता. त्याच्यामागें राजा नव्हता, आरमार नव्हतें, वकीलहि नव्हता. तेव्हां खोरासानचा एक मुसलमान गृहस्थ, ख्वाजा महंमद, जुन्नरास आला, आणि निकितिननें त्याच्या पायां पडून विनंती केल्यावर त्यानें खानाकडे जाऊन शब्द टाकिला. घोडा परत मिळाला, धर्महि राहिला. बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगतांना त्या ख्वाजाचें नांव गाळूं नये, एवढें आमचें मागणें आहे.

निकितिनचीं धर्मपुस्तकें वाटेंतच लुटलीं गेलीं होतीं. त्यामुळें ईस्टर कोणत्या दिवशीं येतें, उपवासकाल केव्हां आरंभतो, हें त्याला समजेना. तो अंदाजानें उपवास धरी. मुसलमानांनीं रोजे धरले तर त्यांच्याबरोबर आपलाहि उपवास करी, आणि वहींत लिही कीं, देवा, मला क्षमा कर, मला दिवस ठाऊक नाहीं. अशीं कांहीं वर्षें काढल्यावर १४७१-७२ च्या सुमारास तो परत जाण्यासाठीं दाभोळास आला. दाभोळ हें फार मोठें बंदर असून तेथें अनेक देशांचे घोडे येतात, हिंदुस्थानच्या व हबशांच्या किनाऱ्यावरचे लोक तेथें एकत्र होतात, असें त्यानें नोंदविलें आहे. तेथेंच त्याला रशियाची आठवण अनावर झाली. दोन सुवर्णमुद्रा भाडें देऊन तो होरमुझला जाणाऱ्या जहाजांत बसला. महिनाभर जमीन दिसली नाहीं. वारा जहाजास आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे घेऊन गेला. तेथील लोकांस तांदूळ, मिरीं व भाकरी देऊन खलाशांनीं आपला जीव वांचविला. तो परतीच्या वाटेस लागला, पण घरीं पोंचला नाहीं. स्मोलेन्स्क शहराच्या अलीकडे वारला. त्याची वही मात्र त्याच्या देशाच्या बखरींत जपून ठेवण्यांत आली. रेवदंड्यास त्याचें स्मारक आहे. दाभोळच्या धक्क्यावर आम्हांस त्याच्या नांवाचा एक दगडहि दिसला नाहीं.

आतां दुसऱ्या ख्रिस्ती पाहुण्यांकडे येतों. येथें बोलणें आम्हांस जड जातें, परंतु तें टाळावयाचें असतें तर आम्हीं वर्गणीचे आंकडेच वाचून दाखविले असते.

पोर्तुगिजांचा हिंदुस्थानांतील पहिला व्हाइसरॉय दों फ्रान्सिस्कु द आल्मैदा याचा मुलगा लोरेन्सु हा मार्च १५०८ मध्यें चौलच्या खाडींत मिसरच्या व दीवच्या आरमाराशीं लढतांना मारला गेला. वय लहान, शौर्य मोठें, आणि बापाचा फार लाडका. त्या वर्षाच्या अखेरीस आल्मैदाच्या जागीं अल्बुकर्क येऊन ठेपला होता. परंतु मुलाचा सूड घेतल्यावांचून आपण अधिकार सोडणार नाहीं, असें म्हणून बाप आरमार घेऊन उत्तरेस निघाला. मारेकरी दीवला होते. दाभोळ वाटेंत होतें. तें विजापूरच्या आदिलशहाचें शहर, लोरेन्सुच्या मृत्यूशीं त्याचा संबंध नव्हता.

१५०८ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत, म्हणजे नाताळच्या आठवड्यांत, तें आरमार या खाडींत शिरलें. शिडांवर क्रूस रंगविलेले होते. तटावरील तोफांस चुकवून शिपाई उतरले, आणि मग जें झालें तें आम्ही शत्रूच्या तोंडून सांगत नाहीं. पोर्तुगीज इतिहासकारांनींच तें लिहून ठेविलें आहे. बायका, मुलें, म्हातारे यांपैकीं कोणासहि सोडिलें नाहीं. शहर लुटलें, मग जाळलें. पुढें या किनाऱ्यावर कोणास शाप द्यावयाचा असला तर दाभोळवर झाला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर होवो, असें लोक म्हणूं लागले, हेंहि त्यांनींच नमूद केलें आहे. त्यानंतर ३ फेब्रुवारी १५०९ रोजीं दीवची लढाई आल्मैदानें जिंकली. स्वदेशीं परततांना १ मार्च १५१० रोजीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाजवळ, टेबल बे येथें, तेथील रहिवाशांशीं झालेल्या तंट्यांत तो मारला गेला. लिस्बन त्यानें पुन्हां पाहिलें नाहीं.

कांहीं जण म्हणतात कीं, त्या काळचें युद्धच तसें होतें. तें खरें आहे. दख्खनच्या सुलतानांनीं व विजयनगरच्या रायांनींहि एकमेकांच्या शहरांवर दया दाखविली नाहीं. परंतु त्यांच्या शिडांवर क्रूस नव्हता. आमची तक्रार एवढीच आहे.

तेव्हां त्या मुलाला काय सांगावयाचें? आम्हीं त्याला सांगितलें कीं, बाळ, तुझा धर्म या किनाऱ्याला त्या जहाजांच्या फार आधीं ठाऊक होता. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या प्रवाशानें 'कल्लियाना' येथें इराणांत दीक्षा घेतलेला बिशप असल्याचें लिहिलें आहे, आणि तें बहुधा आपलें कल्याणच. १३२१ सालीं ठाण्यास फ्रान्सिस्कन संघाचे तोलेन्तीनोचा थॉमस व त्याचे सोबती धर्मासाठीं मेले. निकितिन अंदाजाचे उपवास धरून याच वाटेनें गेला. आणि हेंहि खरें कीं, आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं धर्म आला तो पोर्तुगीज अमदानींत. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरले ते पोर्तुगीज जहाजांतूनच. एकाच बांधणीच्या जहाजांतून संतहि उतरला आणि तेहि लोक उतरले. मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, "मग ते लोक कन्फेशनला गेले काय?" याला उत्तर आम्हांस सुचलें नाहीं.

पुढील इतिहास आम्ही थोडक्यांत आटोपतों. दाभोळ त्या राखेंतूनहि उठलें. दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें थोड्याच वर्षांनीं त्याचें वर्णन केलें, त्यांत मक्का, एडन व होरमुझ येथील जहाजें आहेत, घोडे आहेत, तांबें, पारा व हिंगूळ आहे. पण गोवें १५१० सालीं अल्बुकर्कनें घेतल्यावर घोड्यांचा व्यापार तिकडे ओढण्यांत आला, आणि समुद्रांत फिरावयाचें तर पोर्तुगिजांचा परवाना लागूं लागला. त्या शतकांत दाभोळवर त्यांच्या आणखीहि स्वाऱ्या झाल्या. १६१२ सालीं इंग्रज कप्तान हेन्री मिडल्टन येथें येऊन गेला. १६६१ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं हा भाग घेतला. दाभोळच्या देशमुखीचें वतन हा शिर्के घराण्याच्या मानाचा विषय होता, हें मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. मग सत्तेचें ठाणें समोर अंजनवेलीस गेलें. सिद्दी, आंग्रे, पेशवे असे धनी बदलले, आणि १८१८ सालीं इंग्रज आले.

बंदर मेलें तें मात्र तोफांनीं नव्हे. सुरत आणि मागाहून मुंबई यांनीं त्याचें मोठें गिऱ्हाईक नेलें. तरी घाटावरचा माल चिपळुणास उतरत होताच. १८८० नंतरच्या दहा वर्षांत पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग झाला, आणि साताऱ्या-कऱ्हाडच्या व्यापाऱ्याला खाडीकडे पाहण्याचें कारण उरलें नाहीं. त्यानंतर दाभोळास राहिली ती आगबोट. मुंबईहून निघालेली बोट खाडीच्या मुखाशीं थांबावी, पडावांतून उतारू उतरावे, आणि लहान लाँच त्यांस भरतीच्या पाण्यानें चिपळुणाकडे न्यावी, हा क्रम आपल्यांतील वृद्धांनीं पाहिला आहे. गिरणीच्या पगाराची मनिऑर्डर आणि गणपतीच्या व नाताळच्या सुट्टीचीं माणसें, हाच त्या बंदराचा शेवटचा मोठा माल. मोटारीचे रस्ते झाले, आणि तीहि बोट गेली.

आम्ही पांच जण गेल्या हिवाळ्यांत तेथें गेलों. धक्क्याजवळ शाही मशीद उभी आहे. विजापुरी धर्तीचा घुमट, चार मिनार, उंच पायऱ्या. सतराव्या शतकाच्या मध्यास विजापूरची एक राजकन्या मक्केस जाण्यासाठीं येथें आली. समुद्र निर्धोक नव्हता म्हणून तिला जातां येईना. तेव्हां यात्रेसाठीं आणिलेलें द्रव्य तिनें या मशिदीस लाविलें, अशी कथा आहे. कथेचा सन व रकमा सोडून दिल्या, तरी समुद्र निर्धोक कां नव्हता हें आम्हांस विचारावें लागलें नाहीं. गांवाबाहेर चंडिकादेवीचें देऊळ खडकांत कोरलेलें आहे. आंत विजेचा दिवा नाहीं, केवळ तेलाचे दिवे जळतात. आम्ही दाराशीं उभे राहून पाहिलें. डोळे अंधारास सरावण्यास बराच वेळ लागतो.

फेरीबोटींतून पलीकडे जातांना अंजनवेलीच्या बाजूस वीजकारखान्याचीं धुराडीं दिसतात. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकारानें उभारलेला हा कारखाना. त्याचा पहिला करार १९९२ सालचा, वीज निघाली १९९९ सालीं, आणि २००१ सालीं काम बंद पडून त्याच वर्षीं एन्रॉनचेंहि दिवाळें निघालें. २००५ सालीं तो नव्या सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे गेला. जगांतल्या वर्तमानपत्रांनीं दाभोळचें नांव त्या दशकांत जितक्या वेळां छापिलें, तितकें तें बंदराच्या वैभवाच्या काळींहि कोणीं लिहिलें नसेल. आणि कारखाना तर दाभोळांत नाहींच, तो समोरच्या तीरावर आहे. नांव तेवढें या गांवाचें घेतलें. नावेंतील एका म्हाताऱ्या दर्यावर्दी गृहस्थानें यावर हंसून सांगितलें कीं, आमचें नांव नेणारे पुष्कळ झाले, आणून देणारा कोणी दिसत नाहीं.

आणखी एक गोष्ट त्याच गृहस्थांकडून कळली व आम्हांस फार आवडली. १९६२ पासून कोयनेचें पाणी वीज करून झाल्यावर घाटाखालीं वाशिष्ठींत सोडलें जातें. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यांतलें पाणी, जें बंगालच्या उपसागराकडे जावयाचें, तें आतां दाभोळच्या मुखानें अरबी समुद्रास मिळतें. बैलांची वाट मोडली. पाणी त्याच दिशेनें उतरत आहे.

आतां ज्यासाठीं ही एवढी लांबण लाविली, तें सांगतों. डिसेंबर १५०८ मध्यें दाभोळास जे मेले, त्यांतील एकाचेंहि नांव कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. लोरेन्सु द आल्मैदाचें नांव आहे, त्याच्या बापाचें आहे. आपल्या ज्युबिली समितीपुढें आम्हीं अशी सूचना ठेविली कीं, या वर्षीं मृतांच्या दिवशीं, २ नोव्हेंबरला, आपल्या देवळांत जी मिस्सा होईल तींत या लोकांचें स्मरण व्हावें. समितींत मतभेद झाला, हें लपवीत नाहीं. एक वडील सदस्य म्हणाले कीं, ते लोक आपले नव्हते, आणि त्यांच्यासाठीं आपण प्रार्थना करावी असें त्यांनींहि मागितलें नव्हतें. दुसरे म्हणाले कीं, पांचशें वर्षांचें जुनें दुखणें उत्सवांत कां उकरावें. दोन्ही म्हणणीं आदरानें ऐकिलीं. आमचें उत्तर असें होतें कीं, मृतांच्या दिवशीं आपण सर्व मृतांसाठीं प्रार्थना करितों, आणि 'सर्व' या शब्दांतून दाभोळ वगळण्याचा अधिकार या समितीस नाहीं. आल्मैदा बापलेकांचीं नांवेंहि त्याच प्रार्थनेंत घ्यावीं, असा मुद्दा तिसऱ्या एका सदस्यांनीं काढिला; तो आम्हांला आधीं सुचला नव्हता, याची आम्हांस लाज वाटली. फादरांनीं दोन्ही गोष्टींस संमति दिली आहे.

मिस्सा संध्याकाळीं साडेसहा वाजतां आहे. तो मुलगा त्या दिवशीं वेदीवर सेवेस राहणार आहे.